कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (२००५ चा अधिनियम क्रमांक ४३) हा घरात होणाऱ्या हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण, निवारा, निर्वाह आणि नुकसानभरपाई मिळवून देणारा भारतीय संसदेचा कायदा आहे. त्यास १३ सप्टेंबर २००५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अंमलात आला. त्याखालील नियमही २००६ मध्येच लागू झाले. अधिनियमात ५ प्रकरणे व ३७ कलमे आहेत. मुळात तो जम्मू व काश्मीर वगळता संपूर्ण भारताला लागू होता. त्या राज्याने २०१० मध्ये स्वतःचा स्वतंत्र कायदा केला होता. २०१९ मधील पुनर्रचनेनंतर तेथेही केंद्रीय अधिनियम लागू झाला.

हिंसाचार करणाऱ्यास शिक्षा करणे हा या कायद्याचा पहिला हेतू नाही. पतीला तुरुंगात पाठवावे की मुकाट्याने सोसावे, या दोनच वाटा स्त्रीपुढे उरू नयेत म्हणून त्याने दिवाणी स्वरूपाचा तिसरा मार्ग खुला केला. घर न सोडता सुरक्षित राहणे, घर सोडावे लागल्यास निवारा मिळणे आणि हातात खर्चाला पैसा असणे, या तीन गरजा त्याच्या केंद्रस्थानी आहेत. मात्र न्यायालयाचा आदेश दारापर्यंत पोहोचवण्यासाठी अधिनियमाने संरक्षण अधिकारी, सेवा पुरवठादार संस्था, निवारागृहे व रुग्णालये यांची जी साखळी कल्पिली, तिच्यावरच त्याचे यश अवलंबून आहे. कायद्याच्या अंमलबजावणीविषयीची बहुतेक चर्चा या साखळीतील त्रुटींभोवती फिरते.

पार्श्वभूमी

फौजदारी कायद्याची चौकट

स्वातंत्र्यानंतर स्त्रियांच्या कौटुंबिक छळाशी संबंधित पहिला महत्त्वाचा केंद्रीय कायदा म्हणजे १९६१ चा हुंडा प्रतिबंधक अधिनियम होय. त्यात हुंडा देणे व घेणे दोन्ही गुन्हे ठरवण्यात आले, परंतु घरातील मारहाणीचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस व १९८० च्या दशकाच्या आरंभी हुंड्यासाठी होणारे छळ आणि सुनांचे जळून होणारे मृत्यू यांविरुद्ध देशभर आंदोलने झाली. त्यांचा परिणाम म्हणून १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट करण्यात आले. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेशी क्रूरपणे वागणे हा या कलमानुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा ठरला. १९८६ मध्ये हुंडाबळीविषयीचे कलम ३०४-ब जोडले गेले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून या तरतुदी आता तिच्या कलम ८५, ८६ व ८० मध्ये आहेत.

या तरतुदींनी प्रथमच घराच्या चार भिंतींआडचा छळ कायद्याच्या कक्षेत आणला. तरी त्यांना मर्यादा होत्या. त्या केवळ विवाहितेला लागू होत्या. बहीण, आई, मुलगी, विधवा वा विवाहाविना एकत्र राहणारी स्त्री यांना त्यांचा उपयोग नव्हता. गुन्हा दाखल केल्यानंतर तक्रारदार स्त्रीने राहावे कोठे आणि मुलांना खाऊ घालावे कशाने, याचे उत्तर दंड संहितेत नव्हते. पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४), तर घरावरील हक्कासाठी दिवाणी न्यायालयात वेगळा दावा लावावा लागे. एकाच संकटासाठी तीन-चार दारे ठोठवावी लागणे ही बहुतेक स्त्रियांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती.

महाराष्ट्रातील चळवळ व आरंभीच्या सेवा

महाराष्ट्रात हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणण्यात स्त्री-संघटनांचा मोठा वाटा आहे. पोलीस कोठडीतील बलात्काराच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडल्यानंतर, १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धागमवार या चार विधिअध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ती घटना विदर्भातील देसाईगंज येथील होती. त्या पत्रानंतर उभ्या राहिलेल्या आंदोलनातून मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला. पुढे तो ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ या नावाने काम करू लागला. पुण्यात विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नारी समता मंचाची स्थापना केली.

सेवांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग १९८४ मध्ये मुंबईत सुरू झाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात ‘महिला व बालकांसाठी विशेष कक्ष’ सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसून हिंसाचारग्रस्त स्त्रियांना समुपदेशन, कायदेविषयक माहिती आणि निवाऱ्याची सोय यांसाठी साहाय्य करतील, अशी त्यामागची कल्पना होती. पोलीस ठाण्याची पायरी चढायला धजावणाऱ्या स्त्रीला तेथेच मदत मिळावी आणि पोलिसांच्या अधिकाराचे वजनही तिच्या पाठीशी राहावे, हा या रचनेचा उद्देश होता. पुढे राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाने हा उपक्रम स्वीकारून त्याचा राज्यभर विस्तार केला. इतर अनेक राज्यांनीही त्याचे अनुकरण केले. या शतकाच्या प्रारंभी मुंबई महानगरपालिका व ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी वांद्रे येथील भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. जखमांवर उपचार घेण्यासाठी आलेल्या स्त्रीची हिंसाचाराविषयी विचारपूस रुग्णालयातच व्हावी, हा त्याचा हेतू होता.

विधेयकाचा प्रवास

भारताने स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला (सीडॉ) १९९३ मध्ये मान्यता दिली. या कराराच्या समितीने १९९२ मध्येच लिंगाधारित हिंसाचार हा भेदभावाचा एक प्रकार असल्याचे आपल्या सामान्य शिफारस क्रमांक १९ द्वारे स्पष्ट केले होते. १९९० च्या दशकात ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या वकिलांच्या संस्थेने, इंदिरा जयसिंग यांच्या पुढाकाराने आणि देशभरातील स्त्री-संघटनांशी विचारविनिमय करून, दिवाणी कायद्याचा मसुदा तयार केला.

केंद्र सरकारने २००२ मध्ये संसदेत मांडलेले विधेयक मात्र या मसुद्यापेक्षा बरेच वेगळे होते. ‘सवयीने’ मारहाण करणे यावर भर देणारी त्यातील व्याख्या आणि स्वतःच्या वा मालमत्तेच्या रक्षणासाठी केलेल्या कृतीला दिलेली सूट यांवर स्त्री-संघटनांनी कडाडून टीका केली. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले आणि २००४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले. त्यानंतर आलेल्या सरकारने व्यापक व्याख्या असलेले नवे विधेयक मांडले. संसदेने ते ऑगस्ट २००५ मध्ये मंजूर केले. विधेयकाच्या उद्देश व कारणे यांच्या निवेदनात संविधानाच्या अनुच्छेद १४, १५ व २१ मधील हक्कांचा, तसेच १९९४ चा व्हिएन्ना करार व १९९५ चा बीजिंग जाहीरनामा यांचा उल्लेख आहे.

प्रमुख व्याख्या

कौटुंबिक हिंसाचार

कलम ३ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचे चार प्रकार सांगितले आहेत.

शारीरिक छळ: शारीरिक वेदना, इजा किंवा जीव, अवयव वा आरोग्य यांना धोका निर्माण करणारी कोणतीही कृती.

लैंगिक छळ: स्त्रीची अप्रतिष्ठा, अवमान वा मानभंग करणारे लैंगिक स्वरूपाचे वर्तन. विवाहांतर्गत बलात्कार हा भारतीय दंडविधानात अद्याप गुन्हा नाही. पतीने केलेल्या लैंगिक छळाविरुद्ध या अधिनियमाखाली मात्र दाद मागता येते.

शाब्दिक व भावनिक छळ: अपमान, उपहास, शिवीगाळ, विशेषतः मूल नसल्यावरून किंवा मुलगा न झाल्यावरून टोमणे मारणे, स्त्रीच्या जिव्हाळ्याच्या व्यक्तीला इजा करण्याची वारंवार धमकी देणे.

आर्थिक छळ: घरखर्च न देणे, स्त्रीधन काबीज करणे, ती ज्यांत वाटेकरी आहे अशा वस्तू वा मालमत्ता परस्पर विकणे, घराचे भाडे थकवणे, किंवा ज्या सोयींचा वापर करण्याचा तिला हक्क आहे त्यांपासून तिला वंचित ठेवणे.

हुंडा किंवा अन्य बेकायदेशीर मागणीसाठी स्त्रीला वा तिच्या नातेवाइकांना दिला जाणारा त्रासही याच व्याख्येत येतो. एखादी घटना हिंसाचार ठरते की नाही, हे तिच्या सभोवतालची एकूण वस्तुस्थिती व परिस्थिती पाहून ठरवले जाते.

कौटुंबिक नाते, पीडित महिला व उत्तरवादी

दोन व्यक्ती एकाच घरात राहतात किंवा पूर्वी कधी राहत होत्या आणि त्यांच्यात रक्ताचे, विवाहाचे, विवाहसदृश, दत्तकविधानाचे किंवा एकत्र कुटुंबाचे नाते आहे, तर ते कौटुंबिक नाते होय. त्यामुळे पत्नीप्रमाणेच आई, बहीण, मुलगी, वहिनी, विधवा सून आणि विवाहसदृश संबंधात राहणारी स्त्री यांनाही अर्ज करता येतो. दाद मागण्याचा हक्क केवळ स्त्रीला आहे. तथापि तिच्या अठरा वर्षांखालील मुलांसाठीही आदेश होऊ शकतात.

ज्याच्याविरुद्ध दाद मागितली जाते त्यास अधिनियमात ‘उत्तरवादी’ म्हटले आहे. मूळ मजकुरात ही व्यक्ती ‘सज्ञान पुरुष’ असणे आवश्यक होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही अट काढून टाकली.

सामायिक घर

पीडित महिला ज्या घरात उत्तरवादीसोबत राहते किंवा राहिलेली आहे ते सामायिक घर होय. ते घर कोणाच्या नावावर आहे किंवा त्यात तिचा मालकी हक्क आहे की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. कलम १७ नुसार अशा घरात राहण्याचा तिला हक्क असून कायद्याने ठरवून दिलेल्या प्रक्रियेखेरीज तिला बाहेर काढता येत नाही. रात्री-अपरात्री घराबाहेर काढली गेलेली सून हे चित्र भारतीय समाजाला अपरिचित नाही. मालकी आणि निवास यांची फारकत करून कायद्याने या प्रथेलाच थेट हात घातला, म्हणून ही तरतूद अधिनियमातील सर्वाधिक महत्त्वाची आणि न्यायालयांत सर्वाधिक वादाची ठरली.

अंमलबजावणीची यंत्रणा

संरक्षण अधिकारी

कलम ८ नुसार राज्य शासनाने प्रत्येक जिल्ह्यात आवश्यक तेवढे संरक्षण अधिकारी नेमायचे असून ते शक्यतो स्त्रिया असाव्यात. नियमांनुसार या अधिकाऱ्यास सामाजिक क्षेत्रातील किमान तीन वर्षांचा अनुभव असावा आणि त्याचा कार्यकाल किमान तीन वर्षांचा असावा. हा अधिकारी दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली व देखरेखीखाली काम करतो. त्याची मुख्य कर्तव्ये पुढीलप्रमाणे आहेत:

• तक्रार मिळाल्यावर विहित नमुन्यात ‘कौटुंबिक घटना अहवाल’ तयार करून तो दंडाधिकाऱ्याकडे, तसेच संबंधित पोलीस ठाण्याकडे पाठवणे;
• महिलेची इच्छा असल्यास तिच्या वतीने न्यायालयात अर्ज करणे;
• मोफत कायदेविषयक साहाय्य, निवारा व वैद्यकीय तपासणी मिळवून देणे;
• पुन्हा हिंसाचार होऊ नये म्हणून तिच्याशी बोलून सुरक्षा योजना आखणे;
• न्यायालयाची नोटीस बजावणे आणि पैशाविषयीच्या आदेशांची पूर्तता होते की नाही हे पाहणे.

संरक्षण अधिकारी हा लोकसेवक मानला जातो. दंडाधिकाऱ्याने संरक्षण आदेशात सोपवलेले कर्तव्य पुरेशा कारणाविना न बजावल्यास त्यास एक वर्षापर्यंत कारावास, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु असा खटला राज्य शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय चालवता येत नाही.

सेवा पुरवठादार, पोलीस, रुग्णालये व निवारागृहे

नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था राज्य शासनाकडे सेवा पुरवठादार म्हणून नाव नोंदवू शकतात. त्यांना घटना अहवाल लिहिण्याचा, महिलेची वैद्यकीय तपासणी करवून घेण्याचा आणि तिला निवारागृहात पोहोचवण्याचा अधिकार आहे. सद्‌हेतूने केलेल्या कामाबद्दल त्यांच्यावर कारवाई होऊ शकत नाही. शेजारी, नातेवाईक किंवा अन्य कोणीही व्यक्ती घडलेल्या वा घडू शकणाऱ्या हिंसाचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकते; सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही (कलम ४).

महिला पोलिसांकडे आल्यास तिला या अधिनियमाखालील उपाय, उपलब्ध सेवा, मोफत कायदेविषयक मदत आणि फौजदारी तक्रार करण्याचा हक्क यांची माहिती देणे पोलीस अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ही माहिती दिली म्हणून दखलपात्र गुन्ह्याची नोंद घेण्याच्या कर्तव्यातून त्याची सुटका होत नाही. निवारागृहाने विनंतीनंतर महिलेला आसरा देणे (कलम ६) आणि वैद्यकीय संस्थेने तिच्यावर उपचार करणे (कलम ७) हीही कायदेशीर कर्तव्ये आहेत.

न्यायालयीन कार्यपद्धती

कलम १२ खाली अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे किंवा महानगर दंडाधिकाऱ्याकडे केला जातो. पीडित महिला स्वतः, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने अन्य व्यक्ती तो करू शकते. ती कायमची वा तात्पुरती जेथे राहते त्या ठिकाणच्या न्यायालयातही अर्ज करता येतो. त्यामुळे माहेरी परतलेल्या स्त्रीला सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पहिली सुनावणी सामान्यतः अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे अधिनियमात म्हटले आहे.

गरजेनुसार सुनावणी बंद कक्षात घेता येते, दोन्ही पक्षांना समुपदेशनासाठी पाठवता येते आणि दंडाधिकारी स्वतःची कार्यपद्धती ठरवू शकतो. तातडीच्या प्रसंगी महिलेच्या शपथपत्राच्या आधारे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकण्यापूर्वीही अंतरिम एकतर्फी आदेश देता येतो (कलम २३). आदेशाविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. कौटुंबिक वा दिवाणी न्यायालयात आधीच दुसरे प्रकरण चालू असल्यास हीच दाद त्या न्यायालयातही मागता येते (कलम २६).

आदेशांचे प्रकार

संरक्षण आदेश (कलम १८): हिंसाचार करण्यास किंवा त्यास चिथावणी देण्यास, महिलेच्या कामाच्या ठिकाणी वा मुलांच्या शाळेत जाण्यास, तिच्याशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधण्यास, तसेच मालमत्ता विकण्यास वा बँकेचे खाते व लॉकर वापरण्यास मनाई.

निवास आदेश (कलम १९): महिलेला घराबाहेर काढण्यास मनाई, उत्तरवादीने स्वतः घर सोडावे असा आदेश, किंवा तशाच दर्जाच्या दुसऱ्या घराची वा भाड्याची सोय. मात्र घर सोडण्याचा आदेश कोणत्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही. याच कलमान्वये स्त्रीधन परत करण्याचा आदेशही दिला जातो.

आर्थिक साहाय्य (कलम २०): बुडालेली मिळकत, औषधोपचाराचा खर्च, मालमत्तेचे नुकसान आणि महिलेचा व मुलांचा निर्वाह. ही रक्कम तिच्या पूर्वीच्या राहणीमानाला साजेशी असावी. उत्तरवादीने ती न भरल्यास त्याच्या मालकास पगारातून थेट रक्कम देण्याचा आदेश देता येतो.

ताबा आदेश (कलम २१): मुलांचा तात्पुरता ताबा. मुलाच्या हिताला बाधा येत असल्यास उत्तरवादीची भेट नाकारता येते.

भरपाई आदेश (कलम २२): मानसिक यातना व भावनिक क्लेश यांसह झालेल्या हानीची भरपाई.

संरक्षण आदेश किंवा अंतरिम संरक्षण आदेश मोडणे हा एक वर्षापर्यंत कारावास, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. तो केवळ पीडित महिलेच्या साक्षीवरूनही सिद्ध मानता येतो (कलम ३१ व ३२). अशा रीतीने दाद दिवाणी आणि तिच्या भंगाची शिक्षा फौजदारी, असे या कायद्याचे मिश्र स्वरूप आहे.

महत्त्वाचे न्यायनिर्णय

बत्रा प्रकरणात (१५ डिसेंबर २००६) सर्वोच्च न्यायालयाने सामायिक घराचा अर्थ संकुचित केला. घर पतीच्या मालकीचे वा त्याने भाड्याने घेतलेले असावे किंवा एकत्र कुटुंबाचे असावे. केवळ सासूच्या मालकीच्या घरावर सुनेला निवासाचा दावा सांगता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असणे ही सर्वसाधारण बाब असल्याने या निकालामुळे अनेक स्त्रियांचे अर्ज फेटाळले गेले. आहुजा प्रकरणात (१५ ऑक्टोबर २०२०) तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा अर्थ चुकीचा ठरवला. घर पतीच्या नातेवाइकांचे असले तरी महिला तेथे स्थिर स्वरूपाने राहत असेल तर ते सामायिक घर होऊ शकते, असे पीठाने स्पष्ट केले. त्याचबरोबर हा हक्क अनिर्बंध नसून वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेने राहण्याच्या हक्काशी त्याचा समतोल राखावा, असेही सांगितले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. महिला त्या घरात प्रत्यक्ष राहिलेली नसली तरी कौटुंबिक नात्यामुळे तिला तेथे राहण्याचा हक्क असू शकतो; तसेच संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल नसला तरी दंडाधिकारी अर्ज विचारात घेऊ शकतो, असे त्या निकालात म्हटले आहे.

मुंबईतील एका कुटुंबाच्या वादातून उद्भवलेल्या हरसोरा प्रकरणात (६ ऑक्टोबर २०१६) सर्वोच्च न्यायालयाने उत्तरवादीच्या व्याख्येतील ‘सज्ञान पुरुष’ हे शब्द समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याने रद्द केले. त्यानंतर सासू, नणंद अशा स्त्री नातेवाइकांविरुद्धही दाद मागता येऊ लागली. विवाहसदृश संबंधांबाबत न्यायालयाने २०१० मध्ये काही कसोट्या घालून दिल्या: समाजापुढे पती-पत्नीप्रमाणे वावरणे, विवाहयोग्य वय, विवाह करण्यास कायदेशीर पात्रता आणि बराच काळ स्वेच्छेने एकत्र राहणे. अधिनियम लागू होण्यापूर्वीच्या हिंसाचाराचाही विचार करता येतो, हे २०१२ मध्ये, तर घटस्फोटापूर्वी झालेल्या हिंसाचाराबद्दल घटस्फोटानंतरही अर्ज करता येतो, हे २०१४ मध्ये मान्य झाले.

पूरक सेवा व संस्था

या अधिनियमाखालील सेवांना इतर कायदे व योजनांची जोड आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा व तालुका पातळीवरील विधी सेवा संस्थांमार्फत ते मिळते. राष्ट्रीय महिला आयोग १९९२ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्र राज्य महिला आयोग १९९३ च्या राज्य अधिनियमान्वये अस्तित्वात आला. हे आयोग तक्रारींची दखल घेतात, अहवाल मागवतात व शिफारशी करतात, परंतु न्यायालयाप्रमाणे आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही.

२०१३ मध्ये केंद्र सरकारने निर्भया निधी निर्माण केला. त्यातून १ एप्रिल २०१५ पासून ‘सखी’ या नावाने वन स्टॉप सेंटर योजना सुरू झाली. वैद्यकीय उपचार, पोलीस मदत, समुपदेशन, कायदेविषयक सल्ला आणि तात्पुरता निवारा एकाच छताखाली मिळावा, हे तिचे सूत्र आहे. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी असून ११२ हा तातडीच्या मदतीचा सर्वसाधारण क्रमांक आहे. २०२२ पासून या योजना ‘मिशन शक्ती’ या एकत्रित कार्यक्रमाखाली आणण्यात आल्या.

अंमलबजावणी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) १८ ते ४९ वर्षे वयोगटातील विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसाचार अनुभवला होता. हिंसाचार अनुभवलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाचीतरी मदत मागितली होती, तर ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. मदत मागणाऱ्या बहुतेकींची पहिली धाव माहेरच्या माणसांकडे असते. पोलीस, वकील किंवा सामाजिक संस्था यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया फारच थोड्या असतात. त्यामुळे न्यायालयात दाखल होणाऱ्या अर्जांची संख्या प्रत्यक्ष हिंसाचाराचा छोटासा अंशच दाखवते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीवरूनही या अधिनियमाचा वापर मोजता येत नाही. पती वा नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचे सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे २०२२ मध्ये देशात नोंदले गेले. परंतु कलम १२ खालील अर्ज गुन्हा नसल्याने या नोंदीत येतच नाहीत.

अंमलबजावणीतील सर्वांत कच्चा दुवा संरक्षण अधिकारी हा आहे, याविषयी अभ्यासकांत बऱ्याच अंशी एकमत आहे. ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ने २००७ पासून ‘स्टेइंग अलाइव्ह’ या शीर्षकाने प्रसिद्ध केलेल्या देखरेख अहवालांत राज्यांमधील तफावत सातत्याने नोंदवली गेली. अनेक राज्यांनी स्वतंत्र पदे निर्माण न करता इतर खात्यांतील अधिकाऱ्यांवर हे काम अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवले. अशा अधिकाऱ्याकडे कार्यालय, वाहन, कर्मचारी किंवा नोटीस बजावण्याचा खर्च यांची तरतूद नसली, तर तीन दिवसांत सुनावणी आणि ६० दिवसांत निकाल ही मुदत कागदावरच राहते. सर्वोच्च न्यायालयापुढे सादर झालेल्या माहितीनुसार १ जुलै २०२२ रोजी देशात या अधिनियमाखालील सुमारे ४ लाख ७१ हजार प्रकरणे प्रलंबित होती.

अधिनियमाच्या परिणामकारक अंमलबजावणीसाठी ‘वी द विमेन ऑफ इंडिया’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २० मे २०२५ रोजी न्यायालयाने, ज्या ठिकाणी संरक्षण अधिकारी नेमलेले नाहीत तेथे महिला व बालविकास विभागातील अधिकाऱ्यांना जिल्हा व तालुका पातळीवर या पदासाठी निर्देशित करावे, असा आदेश राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना दिला. कायद्याची प्रसिद्धी, मोफत कायदेविषयक साहाय्याची माहिती आणि निवारागृहांची उपलब्धता यांविषयीही त्यात निर्देश आहेत. अधिनियम लागू होऊन अठरा वर्षे उलटल्यावर त्याच्या आठव्या कलमाचे पालन करण्यासाठी न्यायालयीन आदेश आवश्यक ठरला.

टीका व मतभेद

अधिनियम केवळ स्त्रियांनाच दाद देतो, यावरून त्याच्या संविधानिकतेस आव्हान देण्यात आले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ते फेटाळले. घरातील हिंसाचाराची झळ प्रामुख्याने स्त्रियांना बसते आणि अनुच्छेद १५(३) नुसार त्यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची राज्यसंस्थेला मुभा आहे, अशी भूमिका या कायद्याचे समर्थक मांडतात.

दुसरा आक्षेप गैरवापराचा आहे. खोट्या वा अतिरंजित तक्रारी करून पतीच्या दूरच्या नातेवाइकांनाही प्रकरणात गोवले जाते, अशी तक्रार पुरुष-हक्क संघटना करतात; कलम ४९८-अ संदर्भात न्यायालयांनीही वेळोवेळी अशी चिंता व्यक्त केली आहे. याउलट, प्रस्तुत अधिनियमाखाली अर्ज केल्याने अटक होत नाही आणि आदेश मोडल्यासच फौजदारी कारवाई होते, याकडे स्त्री-संघटना लक्ष वेधतात.

तिसरा मतभेद समुपदेशनाविषयी आहे. संसार टिकवण्याच्या आग्रहापोटी समुपदेशनाचे रूपांतर तडजोडीच्या दबावात होते आणि स्त्री त्याच हिंसक घरात परत पाठवली जाते, अशी टीका कार्यकर्त्या करतात. उत्तरवादीने हिंसाचाराचे समर्थन करणारा कोणताही युक्तिवाद समुपदेशनात करू नये आणि त्याने पुन्हा हिंसाचार करणार नाही अशी हमी द्यावी, अशी अपेक्षा २००६ च्या नियमांत आहे. समेट हा स्त्रीच्या इच्छेनेच व्हावा, हेच त्या नियमांचे सूत्र आहे.

हेही पाहा

हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१
भारतीय न्याय संहिता
कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४
राष्ट्रीय महिला आयोग
महाराष्ट्र राज्य महिला आयोग
स्त्रीधन